ग्रंथपालाच्या पगाराचे काय?

प्रति,
मा. उच्च व तंत्रशिक्षण मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मुंबई.

महोदय,

तीस हजार भागिले दोन, भागिले बारा. उत्तर येते १,२५०. सगळ्यात खालच्या, 'ड' वर्गाच्या सार्वजनिक ग्रंथालयाला शासन वर्षाला ३०,००० रुपये देत होते आणि त्यातले निम्मे पगारासाठी धरलेले असत. म्हणजे जो माणूस रोज कुलूप उघडतो, झाडलोट करतो, पेपर लावतो, पुस्तके देतो-घेतो आणि आपल्या अधिकाऱ्यांच्या तपासणीसाठी सगळी रजिस्टरे भरून ठेवतो, त्याचा महिन्याचा पगार १,२५० रुपये. २०१२ ते २०२२ या दहा वर्षांत हा दर हलला नाही.

२०२२ साली मंत्रिमंडळाने साठ टक्के वाढ दिली. ऐकायला भरघोस वाटते. हिशेब केला की वर्षाचे ४८,००० होतात, निम्मे २४,०००, महिन्याला २,०००. त्यावर आणखी चाळीस टक्के चढवा, तरी होतात २,८००. रोजगार हमीची मजुरी २०२५-२६ साठी आपल्या राज्यात दिवसाला ३१२ रुपये होती. दोन हजारांत त्या मजुरीचे साडेसहा दिवससुद्धा बसत नाहीत, अठ्ठावीसशेत नऊ बसत नाहीत. बाकीचा महिना ग्रंथपालाने कशावर काढायचा? अनुदानाचे हे आकडे आपल्या विभागाचेच आहेत, ते आपल्याला माहीत नाहीत असे मी मानत नाही. माहीत असून चालू ठेवले आहेत, हीच माझी तक्रार आहे.

मी नाशिकरोडच्या नोट प्रेसमधून निवृत्त झालो. नोकरीत पाळ्या, ओव्हरटाइम, घर आणि मुलांच्या शाळा यांत वाचन राहून गेले होते. निवृत्तीनंतर आमच्या भागातल्या 'ड' वर्गाच्या वाचनालयात जाऊ लागलो. दोन खोल्या आहेत. पुढच्या खोलीत लांब टेबल आणि त्यावर वर्तमानपत्रे, मागच्या खोलीत लोखंडी कपाटे. पाटी रस्त्यावरून दिसत नाही, शेजारच्या दुकानाचा फलक तिला झाकतो. आत मात्र मला जे मिळाले, ते आपल्याला सविस्तर सांगितले पाहिजे, कारण फाइलमध्ये ते 'ग्रंथसंख्या' आणि 'सभासदसंख्या' या दोन रकान्यांत संपते.

आमचे विहितगाव प्रेसपासून हाकेच्या अंतरावर. तिथे १९३० साली जन्मलेला माणूस मराठी कथेला हादरा देऊन गेला, हे मला या वाचनालयात कळले. बाबूराव बागूल यांचा 'जेव्हा मी जात चोरली होती' हा १९६३ चा संग्रह तिथल्या ग्रंथपाल ताईंनी माझ्या हातात ठेवला. त्या एवढेच म्हणाल्या, "काका, हे आपल्या इथलेच आहेत, वाचा." त्या रात्री मी झोपलो नाही. ज्या रस्त्याने आयुष्यभर कामावर गेलो, त्या रस्त्याच्या कडेला काय घडत होते, ते मला एका पुस्तकाने दाखवले. मग सिन्नरजवळच्या देशवंडीचे लोककवी वामनदादा कर्डक वाचनात आले. मग १९३० चा काळाराम मंदिराचा सत्याग्रह आला. पंचवटीत दर्शनाला जाताना मी त्या दरवाजाखालून कितीदा गेलो असेन, पण दादासाहेब गायकवाड आणि त्यांच्याबरोबरची माणसे तिथे पाच वर्षे कशी उभी राहिली, ते मी नीट वाचले ते या दोन खोल्यांत.

मागच्या कपाटात 'किर्लोस्कर', 'स्त्री', 'मनोहर' आणि 'सत्यकथा' यांचे बांधीव खंड आहेत. 'सत्यकथा' १९८२ मध्ये बंद पडले, पण इथे ते अजून घरी नेता येते. जुन्या पुस्तकांच्या शेवटी चिकटवलेल्या चिठ्ठीवर परतीच्या तारखांचे शिक्के आहेत. काही पुस्तके वीस वर्षे कपाटात उभी होती आणि मग एकाच वर्षात चार जणांनी नेली, असे त्यावरून दिसते. कोणी एकाने समासात पेन्सिलीने लेखकाशी भांडण मांडले आहे, दुसऱ्याने त्याखाली लेखकाची बाजू घेतली आहे. पुस्तकावर लिहू नये हे खरे, पण मी दोन्ही बाजू वाचल्या आणि तिसरी माझी मनात जुळवली.

दुपारी बायका येतात. घरातली कामे उरकून मिळालेला तास त्या इथे घालवतात आणि जाताना सासूबाईंसाठी मोठ्या टाइपाचे पुस्तक मागतात. संध्याकाळी स्पर्धा परीक्षांची मुले येतात. घरी सहा माणसांत एक खोली असल्यामुळे ही मुले इथल्या टेबलावर अभ्यास करतात. दिवाळीनंतर अंकांची योजना सुरू होते. थोडी जादा वर्गणी भरली की घरोघरी विकत घेता येणार नाहीत एवढे अंक आळीपाळीने वाचायला मिळतात, आणि कोणता अंक कोणाकडे अडकला आहे यावरून शेजाऱ्यांत बोलणी सुरू होतात. या गावात मला मित्र मिळाले ते या अंकांमुळे.

हे सगळे चालते एका बाईंच्या जोरावर. ताई पदवीधर आहेत, ग्रंथपालनाचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम पूर्ण केलेल्या आहेत. दुसरीतल्या मुलाला काय द्यायचे आणि नवरा गेलेल्या बाईला काय द्यायचे नाही, हे त्यांना बरोबर कळते. समिती वर्गणीतून त्यांच्या पगारात थोडी भर घालते, ती सांगायलाही लाज वाटते. आता त्यांना एका मॉलमध्ये काम मिळते आहे. तिथे महिन्याला जे देतात, ते वाचनालयात पाच महिने काम करूनही त्यांच्या हाती येत नाही. त्या गेल्या तर त्यांच्या जागी त्या पैशांत कोण येणार? कोणी आलेच, तर ते कुलूप उघडेल आणि लावेल. बागूल कोणाच्या हातात ठेवायचे, हे त्याला कोण सांगणार?

आता उरलेल्या निम्म्या अनुदानाचा हिशेब. २४,००० रुपये. सहा रुपयांचे एक वर्तमानपत्र वर्षाला सुमारे २,२०० रुपयांना पडते. पाच वर्तमानपत्रे म्हणजे ११,०००. राहिले १३,०००. त्यात मासिके, दिवाळी अंक, वीजबिल, जागेचे भाडे, बांधणी, स्टेशनरी, लेखापरीक्षण. आणि नवी पुस्तके. आज बऱ्यापैकी मराठी कादंबरी सहसा ४०० रुपयांच्या खाली मिळत नाही. आपण शिक्षणाच्या खात्याचे मंत्री आहात. या पैशांतून वर्षाला किती नवी पुस्तके येतील, हे आपणच मोजावे. वरच्या पायरीवरही वेगळे चित्र नाही. जिल्हा 'अ' वर्गाचे अनुदान ७,२०,००० होते, साठ टक्क्यांनी ११,५२,००० झाले. पगाराचा निम्मा वाटा काढला तर महिन्याला ४८,०००, आणि त्यात ग्रंथपाल, सहायक, लिपिक, शिपाई सगळे आले. एवढ्या पैशांत शासकीय कार्यालयातले दोन लिपिकही धड ठेवता येत नाहीत. ग्रंथालय सेवकांच्या वेतनश्रेणीसाठी पत्की समिती नेमली, त्यालाही कित्येक वर्षे झाली. तिच्या शिफारशींसाठी सेवक अजून आंदोलने करत आहेत. ज्यांनी पहिल्यांदा मागणी केली ते निवृत्त झाले, काही वारले.

या पगाराबाबत मी स्वतः एका कार्यालयात अर्ज दिला. आवक क्रमांक मिळाला. उत्तर मिळाले नाही. स्मरणपत्र दिले, त्यालाही आवक क्रमांक मिळाला. म्हणून हे पत्र खुले आहे.

नाशिकला ग्रंथालय ही नवी गोष्ट नाही. आपले सार्वजनिक वाचनालय १८४० चे आहे, नगरपालिका १८६४ ची. म्हणजे या शहराने दिवाबत्तीची व्यवस्था लावायच्या चोवीस वर्षे आधी पुस्तकांची लावली होती. रत्नागिरी १८२८, अहमदनगर १८३८, नाशिक १८४०, पुणे १८४८: मुंबई विद्यापीठ निघायच्या आधी ही घरे उभी राहिली. मालेगाव तालुक्यातल्या कौळाण्यात जन्मलेले सयाजीराव गायकवाड बडोद्याच्या गादीवर बसले आणि १९१० मध्ये त्यांनी मोफत ग्रंथालयांची योजना सुरू केली. गावाने काही रक्कम उभी करायची, तेवढीच प्रांत पंचायतीने द्यायची, तेवढीच सरकारने. जिथे ग्रंथालय निघू शकत नव्हते तिथे पुस्तकांच्या पेट्या फिरत. आज आमच्याच शहरातून 'ग्रंथ तुमच्या दारी'च्या पेट्या निघतात आणि परदेशापर्यंत जातात, त्याही लोकांच्या देणग्यांवर. देशातला ग्रंथालयांचा पहिला कायदा १९४५ मध्ये कोल्हापूर संस्थानाने केला. हा वारसा असलेल्या राज्याने १९६७ मध्ये कायदा केला, पण त्यात ग्रंथालय कर ठेवला नाही. तमिळनाडूत मालमत्ता करावर रुपयामागे दहा पैसे ग्रंथालयांसाठी घेतात, कर्नाटकात सहा टक्के घेतात. आपल्या कायद्यात शासनाने दरवर्षी ग्रंथालय निधीत किमान २५ लाख घालावेत एवढीच हमी आहे. १९६७ चे २५ लाख! बाकी सगळे त्या त्या वर्षीच्या मर्जीवर.

माझ्या घरपट्टीच्या बिलात शिक्षण कर आहे, वृक्ष कर आहे. त्यात ग्रंथालय कर घाला. दहा हजार घरपट्टी भरणाऱ्याकडून एक टक्का घेतला तर वर्षाला शंभर रुपये होतात. मी भरीन. माझ्या इमारतीत कोणीही शंभर रुपयांसाठी मोर्चा काढणार नाही. ग्रामपंचायतींच्या घटनात्मक यादीत, अकराव्या अनुसूचीत, ग्रंथालये हा विषय नाव घेऊन लिहिलेला आहे. शहरांसाठीच्या बाराव्या अनुसूचीत तो शब्दच नाही, म्हणून महापालिका हात झटकू शकते. ही फट आपण राज्याच्या कायद्याने बुजवू शकता.

पैसा नाही, हे उत्तर कृपया देऊ नका. २०२१ च्या डिसेंबरमध्ये आमच्या नाशिकमध्ये चौऱ्याण्णवावे साहित्य संमेलन झाले. त्याला शासनाने ५० लाख दिले. त्या वेळच्या दराने १६६ 'ड' वर्ग ग्रंथालयांचे ते वर्षाचे अनुदान होते. पुढे संमेलनाचे अनुदान दोन कोटी झाले, म्हणजे चौपट. ग्रंथालयांना साठ टक्के. संमेलन व्हावे, मीही तिथे तिन्ही दिवस मांडवात बसलो होतो आणि पुस्तके घेतली होती. पण तीन दिवसांच्या मांडवासाठी चौपट आणि तीनशे दिवस उघडणाऱ्या खोलीसाठी दीडपटीच्या जरा वर, हे गणित कोणी मांडले? २७ फेब्रुवारीला आपण सगळे कुसुमाग्रजांच्या प्रतिमेला हार घालता. सार्वजनिक वाचनालयाचे अध्यक्षपद त्यांनी सांभाळले होते. ३ ऑक्टोबर २०२४ ला मराठी अभिजात झाली, पेढे वाटले गेले. ती भाषा जिथे गरिबाला फुकट किंवा फुकटाच्या जवळपास वाचायला मिळते, अशी अकरा हजारांहून अधिक शासनमान्य ग्रंथालये राज्यात आहेत आणि त्यांतल्या सेवकांना आपण मजुरापेक्षा कमी देता.

२०१२ मध्ये महसूल खात्याकडून ग्रंथालयांची पडताळणी झाली. कागदावरची ग्रंथालये होती, ती बंद व्हायलाच हवी होती. पण त्याच वेळी नव्या ग्रंथालयांची मान्यता आणि जुन्यांची वर्गवाढ वर्षानुवर्षे रोखली गेली. चोर पकडले म्हणून प्रामाणिक घरांनाही कुलूप लावले. या काळात नाशिक कुठल्या कुठे पसरले. पाथर्डी फाटा, गंगापूर रोड, आडगावपर्यंत इमारती उभ्या राहिल्या. तिथल्या मुलांना चालत जाता येईल असे वाचनालय आहे का, हे आपल्या जिल्हा ग्रंथालय अधिकाऱ्यांना नकाशा समोर ठेवून विचारा.

मागणी सरळ आहे. ग्रंथपालाचा पगार अनुदानाच्या टक्केवारीतून बाहेर काढा. 'ड' वर्गातल्या अर्धवेळ सेवकालासुद्धा किमान वेतनाच्या हिशेबाने तासांचे पैसे द्या, ते थेट त्याच्या खात्यात जमा करा आणि दरवर्षी महागाईबरोबर वाढवा. पुस्तकांचे अनुदान वेगळे ठेवा, म्हणजे पगार वाचवण्यासाठी पुस्तके थांबणार नाहीत. येत्या अर्थसंकल्पीय अधिवेशनात १९६७ च्या कायद्यात ग्रंथालय कराची दुरुस्ती आणा.

ताईंनी मॉलला अजून होकार कळवलेला नाही. मार्चअखेरपर्यंत थांबा, अशी विनंती मी आणि काही सभासदांनी त्यांना केली आहे. त्या थांबतील की नाही, हे त्यांच्या घरच्या अडचणी ठरवतील. त्यांना थांबवून ठेवण्याचा मला काही अधिकार नाही, हेही मला कळते. आपले उत्तर लेखी यावे. होकार असो वा नकार, आम्ही ते वाचनालयाच्या सूचना फलकावर लावू, म्हणजे संध्याकाळी अभ्यासाला येणाऱ्या मुलांनाही ते वाचता येईल.

आपला,
'ड' वर्गातल्या एका वाचनालयाचा सभासद,
नाशिकरोड