शोकेस कोणाची?



मंचर, घोडेगाव, नारायणगाव, ओतूर... जुन्नर-आंबेगावातल्या कुठल्याही बऱ्या परिस्थितीतल्या घरी जा, पुढच्या खोलीत काचेची शोकेस दिसते. तिच्यात मोत्यांचा राजहंस, लोकरीचा कुत्रा, आइस्क्रीमच्या काड्यांचे घर, बाहुल्या, शिवरायांची छोटी मूर्ती. यातले बरेचसे सुनेच्या रुखवतातले असते. लग्नाआधी तिने, आईने, मामीने, शेजारच्या मुलींनी रात्री जागून केलेले. मांडवात सगळे गाव ते पाहून जाते, मग ते सासरच्या काचेआड जाते. दिवाळीला एकेक वस्तू काढून पुसायची, तीही तिनेच.

आणि ही शोकेस कोणाची? 'आमच्या घरची.' त्या 'आमच्या'त ती किती, हे घर सोडायची वेळ आली की कळते. बाई बहुधा नेसत्या साडीनिशी बाहेर पडते. पुढे भावाला घेऊन सामान मागायला गेली, की ऐकावे लागते, "तुझे काय आहे इथे?" बैठकीत पोटगीवर बोलणे होते, मुलांवर होते. सामानाचा विषय मात्र क्षुल्लक म्हणून बाजूला पडतो.

कायदा त्याला क्षुल्लक मानत नाही. प्रतिभा राणी विरुद्ध सूरजकुमार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९८५ साली स्पष्ट केले, की स्त्रीधनाची मालकी एकट्या बाईची. ते सासरी ठेवले म्हणून नवरा त्यात भागीदार होत नाही. मागूनही न देणे, परस्पर विकणे हा विश्वासघाताचा फौजदारी गुन्हा ठरू शकतो. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याने तर दंडाधिकारी स्त्रीधन परत करण्याचा आदेश देऊ शकतात.

कोणी म्हणेल, लोकरीच्या कुत्र्यासाठी कोर्टात जायचे का? प्रश्न कुत्र्याचा नाही. ज्या घरात तिच्या हातचा राजहंस तिचा ठरत नाही, त्या घरात तिचे मंगळसूत्र, कपाट, शिलाई मशीनही तिचे ठरत नाही.

अडचण येते ती पुराव्याची. त्यावरचा उपाय १९८५ च्याच नियमांत आहे. हुंडाबंदी कायद्याखालच्या या नियमांनुसार लग्नात मिळालेल्या भेटींची लेखी यादी करायची असते. वस्तू, अंदाजे किंमत, देणाऱ्याचे नाव आणि नाते लिहायचे, वधू-वर दोघांनी सही करायची. सही येत नसेल तर यादी वाचून दाखवून अंगठा घ्यायचा. वधूला मिळालेल्या वस्तूंची यादी वधूकडेच राहते. पण लग्नपत्रिकेवर हजारो रुपये खर्चणारी आपली घरे या एका कागदाला अपशकुन समजतात!

एक धोका मात्र ओळखून असा. रुखवताच्या नावाखाली आता फ्रिज, पलंग, सोफा मागितला जातो. मागून घेतलेला तो हुंडाच. यादीत लिहिल्याने तो कायदेशीर होत नाही.

येत्या लग्नसराईत आपापल्या गटात एवढे करू या. ज्या घरी लग्न असेल तिथे रुखवत मांडायला जाताना वही-पेन सोबत नेऊ या. मांडलेली प्रत्येक वस्तू लिहू या, दोघांच्या सह्या घेऊ या, एक प्रत आईकडे ठेवू या. लग्न होऊन गेलेल्या मैत्रिणींनीही आपली यादी आठवून लिहायला आजच बसावे.

काच पुसणाऱ्या हातांना काचेआडच्या वस्तूंची मालकी ठाऊक असलीच पाहिजे.