पितळेवरचं नाव



सण जवळ आला की माळ्यावरची पितळी भांडी खाली उतरवायची आणि चिंच-मीठ लावून लख्ख घासायची, हा आपल्या घराघरांतला रिवाज. फडताळं स्टीलनं भरली तरी सासूबाईंच्या हातची दोन-चार भांडी आपण अजून जपून ठेवलेली असतात. आमच्याकडे असाच एक मोठा डबा आहे. त्याच्या काठाखाली ठिपक्याठिपक्यांनी नाव घातलंय. माझ्या आजेसासूबाईंचं नाव आणि पुढे ‘शके १८५५’. वर्षभरात त्यावर काळपट थर चढतो आणि अक्षरं दिसेनाशी होतात. चिंच लावून चोळलं की पुन्हा वर येतात.

परवा डबा घासताना धाकटी येऊन बसली. नाव वाचून म्हणाली, “आई, ही कोण गं?” मी सांगितलं. ती म्हणाली, “म्हणजे हा डबा नसता तर मला तिचं नावसुद्धा कळलं नसतं!” खरंच आहे हो. आजेसासूबाईंचा एक फोटोसुद्धा घरात नाही. त्यांचं जे काही उरलंय ते या डब्यावर.

शके १८५५ म्हणजे इसवी सन १९३३. नववी-दहावीच्या वर्गांना मी अर्धवेळ इतिहास शिकवते, त्यामुळे साल कानावर पडलं की मन लगेच पुस्तकाकडे धावतं. आमच्या घरात हा डबा आला, त्याच साली जर्मनीत हिटलर सत्तेवर आला. तुम्ही म्हणाल, भांडी घासता घासता ही बाई कुठे निघाली! पण थोडं थांबा. तिथेही लोक पितळेवरची नावं घासतात, बरं का.

गुंटर डेमनिग नावाचे एक जर्मन कलावंत आहेत. १९९२ साली कोलोन शहरात त्यांनी रस्त्यात पहिला दगड बसवला. दहा सेंटिमीटर लांबी-रुंदीचा काँक्रीटचा ठोकळा आणि वर पितळी पत्रा. त्यानंतरच्या दगडांवर एकेका माणसाची हकिगत कोरलेली असते. ‘येथे राहत होती’ असं लिहून खाली तिचं नाव, जन्मसाल, तिला कधी धरून नेलं आणि कुठे मारलं, एवढंच. त्या माणसानं स्वतः निवडलेलं शेवटचं घर जिथे होतं, त्याच घरासमोरच्या पदपथावर तो दगड बसवतात. २०२३ सालापर्यंत युरोपभर असे एक लाख दगड झाले. ९ नोव्हेंबरला आणि २७ जानेवारीला आजूबाजूचे रहिवासी फडकं आणि पॉलिश घेऊन येतात, गुडघे टेकून बसतात आणि ते पुसून लख्ख करतात.

माझ्या मनात आलं तेच तुमच्याही आलं असेल. नाव जमिनीवर? त्याला पाय लागणार! म्युनिक शहरातही हाच आक्षेप घेतला गेला आणि तिथल्या सार्वजनिक रस्त्यांवर हे दगड बसवू देत नाहीत. दुसरी बाजू म्हणते, ते नाव वाचायचं तर माणसाला मान खाली घालून वाकावंच लागतं. दोन्ही म्हणणी मला पटतात. निवाडा तुम्हीच करा.

ही माणसं कोण होती? बहुतेक ज्यू. आपल्याला ज्यू परके नाहीत. रायगडाकडच्या गावांतून तेलाचा घाणा चालवणारे, शनिवारी तो बंद ठेवणारे आणि घरात मराठी बोलणारे ‘शनिवार तेली’ ते हेच बेने इस्रायली. तिकडे युरोपात मात्र नाझींनी जवळजवळ ६० लाख ज्यूंना मारलं. त्यांत सुमारे १५ लाख मुलं होती. शिवाय रोमा म्हणून जे भटके लोक आहेत, त्यांचीही लाखोंनी माणसं गेली. या रोमांचे पूर्वज शेकडो वर्षांपूर्वी आपल्या देशातून तिकडे गेले. आजही त्यांच्या भाषेत पाण्याला ‘पानी’ म्हणतात आणि कानाला ‘कान’. हे पहिल्यांदा कळलं तेव्हा हातातलं काम तसंच राहिलं होतं माझ्या.

एवढ्या मोठ्या पापाला नावसुद्धा नव्हतं. राफाएल लेमकिन या पोलंडच्या ज्यू वकिलानं १९४४ साली त्यासाठी नवा शब्द घडवला. आपण त्याला वंशसंहार म्हणतो. त्यांच्या स्वतःच्या घरचीही पुष्कळ माणसं त्यात गेली होती. ९ डिसेंबर १९४८ रोजी संयुक्त राष्ट्रांनी वंशसंहार हा गुन्हा ठरवणारा करार मंजूर केला. भारतानं १९५९ साली त्यावर शिक्कामोर्तब केलं.

वर्गात मुली नेहमी विचारतात, “बाई, पण लोकांनी हे होऊ कसं दिलं?” या प्रश्नाचं उत्तर मी आता छळछावण्यांपासून सुरू करत नाही. कायद्यांपासून करते.

जर्मनीत तेव्हा लोकशाही होती. १९१९ साली तिथल्या बायकांनी पहिल्यांदा मत दिलं. निवडणुका होत, वर्तमानपत्रं होती, न्यायालयं होती. १९३२ सालच्या दोन्ही निवडणुकांत नाझी पक्ष सर्वांत मोठा ठरला, पण बहुमत त्याला कधीच मिळालं नाही. ३० जानेवारी १९३३ला हिटलरला पंतप्रधानकी दिली गेली. देणाऱ्यांना वाटत होतं, आपण त्याला मुठीत ठेवू. २७ फेब्रुवारीला संसदभवनाला आग लागली. दुसऱ्याच दिवशी वटहुकूम निघाला आणि भाषण, वर्तमानपत्र, सभा यांचं स्वातंत्र्य गेलं. विनाचौकशी अटका सुरू झाल्या. २३ मार्चला संसदेनं ४४४ विरुद्ध ९४ मतांनी स्वतःचे अधिकार सरकारच्या हाती दिले. कम्युनिस्ट खासदारांना त्या दिवशी सभागृहात येऊच दिलं नव्हतं. १४ जुलैला एक पक्ष सोडून बाकी सगळ्यांवर बंदी आली. सारं मिळून साडेपाच महिने लागले. आपल्याकडे एक मूल जन्माला यायला याहून जास्त वेळ लागतो!

यानंतरचं मात्र हळूहळू झालं, आणि ते आपण बायकांनी नीट पाहावं. बर्लिनच्या एका जुन्या वस्तीत १९९३ साली दिव्यांच्या खांबांवर ८० पाट्या लावल्या आहेत. पाटीच्या एका बाजूला साधं चित्र असतं, कुठे पाव, कुठे मांजर. दुसऱ्या बाजूला त्या वस्तूबद्दलचा नाझींचा हुकूम आणि तारीख. मी ती यादी वाचली तेव्हा वाटलं, ही तर माझ्या वाणसामानाची यादी आहे.

१९३३ : ज्यूंना गायनमंडळांतून काढून टाकलं. १९३८ : ज्यू मुलांना सरकारी शाळा बंद. १९३९ : बागेत ठरावीक पिवळ्या बाकांवरच बसायचं. त्याच साली घरातले रेडिओ जमा करायचे. १९४० : बर्लिनमध्ये ज्यूंनी खाण्याचे पदार्थ दुपारी चार ते पाच या एकाच तासात घ्यायचे. १९४१ : साबण मिळणार नाही. १९४२ : अंडी मिळणार नाहीत, ताजं दूध मिळणार नाही, मांजर-कुत्रंसुद्धा पाळायचं नाही. मधल्या काळात, १९४१च्या ऑक्टोबरपासून, बर्लिनमधून माणसं भरून नेणाऱ्या गाड्या सुरू झाल्याच होत्या.

शेजारणींना हे दिसत नव्हतं असं कसं म्हणायचं? कालपर्यंत भजनी मंडळात शेजारी बसणारी बाई आज येत नाही, दुकानात सकाळी दिसत नाही, तिच्या मुलाचा शाळेतला बाक रिकामा, हे आपल्याला कळत नाही का? एकेका वेळी गोष्ट लहानशी होती. गायनमंडळासाठी कोण भांडणार! ज्यानं त्यानं मनात म्हटलं असेल, आपल्याला काय करायचंय.

जर्मन बायकांनाही सरकारनं छान गोंजारलं होतं. १९३३ साली लग्नासाठी कर्ज निघालं. अट अशी, बायकोनं नोकरी सोडायची. एकेक मूल झालं की पाव हिस्सा कर्ज माफ. १९३८ साली लेकुरवाळ्यांसाठी खास पदकं निघाली. पण निवडणुकीत त्या पक्षानं संसदेसाठी एकाही बाईला उभं केलं नाही. घरची लक्ष्मी म्हणून आरती ओवाळायची आणि जिथे निर्णय होतात त्या खोलीचं दार लावून घ्यायचं, हा प्रकार आपल्या ओळखीचा आहे, हो की नाही?

तरी सगळ्याच बायका गप्प बसल्या नाहीत. ज्यू पुरुषांशी लग्न केलेल्या जर्मन बायकांवर घटस्फोटासाठी सारखा दबाव असे. १९४३च्या फेब्रुवारी अखेरीला बर्लिनमध्ये अशा सुमारे दोन हजार नवऱ्यांना पकडून रोझेनश्ट्रासं या रस्त्यावरच्या इमारतीत कोंडलं. बायका तिथे जमल्या. भर थंडीत, पहारेकऱ्यांसमोर, जवळपास आठवडाभर त्या येत राहिल्या आणि “आमचे नवरे परत द्या” म्हणून ओरडत राहिल्या. अखेर बहुतेक सगळे सुटले. २५ जणांना ऑशविट्झला पाठवलं होतं, त्यांनाही परत आणलं गेलं. बायकांमुळेच ते सुटले का, यावर इतिहासकार अजून वाद घालतात. पण त्याच आठवड्यात, ज्यांच्यासाठी रस्त्यावर उभं राहायला कोणी नव्हतं असे हजारो ज्यू ऑशविट्झला गेले, त्यांतले बहुतेक परत आले नाहीत.

आता माझी गोष्ट सांगते. सांगायला लाज वाटते, पण तुमच्यापासून काय लपवायचं? गेल्या वर्षी आमच्या इमारतीत एक जागा रिकामी होती. एक बाई दोन मुलांना घेऊन पाहायला आली. नोकरी करणारी, नीटनेटकी. भाडं परवडणारं होतं. पुढे हळदीकुंकवाला विषय निघाला. कोणी म्हणालं, “ती त्यांच्यातली आहे, नको बाई.” दुसरी म्हणाली, “एक आली की दहा येतात.” त्या बाईविरुद्ध कोणाकडे काही म्हणजे काही नव्हतं. मी काय केलं? सगळ्यांना अत्तर लावलं आणि कॉफीचे कप भरले. जागा दुसऱ्याला गेली. घरी आल्यावर थोरलीनं विचारलं, “आई, तू वर्गात एवढं शिकवतेस, तिथे का नाही बोललीस?” मी म्हटलं, “आपली जागा थोडीच होती!” ती पुढे काही बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

भाड्याची जागा नाकारणं आणि वंशसंहार यांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे, हे मलाही कळतं. दोन्ही सारखे म्हटले तर मेलेल्यांचा अपमान होईल. पण “ती त्यांच्यातली” हे वाक्य बोलायची आणि ऐकून घ्यायची सवय घरातच लागते, आणि ती मोडायची तर घरातच मोडावी लागेल. म्हणून माझ्यापुरते मी काही नेम केले आहेत. तुम्हाला पटले तर घ्या.

पहिला : घरात कोणी “ती माणसं अशीच” म्हणालं की शांतपणे विचारायचं, “कोण? नाव सांगा.” नाव सांगता आलं तर त्या एका माणसाबद्दल बोलू. बहुतेक वेळा नाव निघतच नाही.

दुसरा : मोबाइलवर कोणा समाजाबद्दल भडक मजकूर आला तर तो पुढे पाठवायचा नाही. नाझींनी १९३३ साली मुद्दाम स्वस्तातला रेडिओ बाजारात आणला होता, तो घराघरात विष पोचावं म्हणूनच. आपल्या हातात तर त्याहून सोपं यंत्र आहे. दूध नासलंय का हे आपण वास घेऊन पाहतो, मग मजकुरालाच का नाही?

तिसरा : मत द्यायला जायचंच, पण तेवढ्यावर थांबायचं नाही. सोसायटीची सभा, शाळेची पालकसभा, वॉर्डातली बैठक, जिथे ठराव होतात तिथे जाऊन बसायचं आणि ठराव वाचल्याशिवाय सही करायची नाही. आणि पुढारी कितीही आवडता असो, त्याच्या पायावर आपली अक्कल वाहायची नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी २५ नोव्हेंबर १९४९ला घटना समितीत हाच इशारा दिला होता. धर्मात भक्तीनं मुक्ती मिळत असेल, राजकारणात मात्र ती हुकूमशाहीकडे नेते, असं त्यांचं म्हणणं होतं.

चौथा : मुलांना आकड्यांबरोबर नावंही सांगायची. ६० लाख म्हटलं की मुलं वहीत लिहून घेतात आणि विसरतात. एका घराची, एका मुलीची गोष्ट सांगितली की रात्री झोपताना त्यावर प्रश्न विचारतात.

पुढच्या महिन्यात आमच्या सोसायटीची वार्षिक सभा आहे. जात-धर्म पाहून जागा नाकारायची नाही, असा ठराव मी मांडणार आहे. किती जणी पाठीशी राहतील, सांगता येत नाही. यजमान म्हणतात, “कशाला वाईटपणा घेतेस?” इथे छापून आलं म्हणजे मला माघार घेता येणार नाही, म्हणून तर तुम्हाला सांगितलं. त्या बाईला मात्र अजून जाऊन भेटले नाही. तेवढा धीर झालेला नाही.

जाता जाता पितळेचं. चिंच-मीठ लावून फार वेळ ठेवू नका, धातू लालसर पडतो. लगेच भरपूर पाण्यानं धुवा आणि कोरड्या फडक्यानं पुसा, ओलं राहिलं की डाग पडतात. नाव कोरलेलं असेल तिथे तारेची घासणी मुळीच वापरू नका, अक्षरं झिजतात. जुना मऊ ब्रश घ्या आणि सावकाश फिरवा. आणि मुलं जवळ असतील तर घासता घासता त्या नावाची गोष्ट त्यांना सांगा.