कुत्र्याचे चार महिने

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात, ओपीडी संपत आलेली असताना, साधारण सत्तरीच्या एक बाई उजव्या हाताला टॉवेल गुंडाळून आल्या. कुत्रा चावला होता. रस्त्यावरचा नव्हे, घरचा. जिन्याखाली भटक्या कुत्र्याशी त्याची जुंपली, सोडवायला गेल्या आणि त्या गडबडीत अंगठ्याच्या बुडाशी दोन दात रुतले. जखम धुतली का, असे विचारल्यावर म्हणाल्या, ''हळद लावली. आमचाच आहे हो तो, डॉक्टर. लस झालेली आहे त्याची.'' सोबतच्या काकांनी कुत्र्याचे लसीकरणाचे कार्ड आणले होते. शेवटचा शिक्का दोन वर्षांपूर्वीचा.

कुत्रा मुलाचा. मुलगा सून-नातवासह जानेवारीत जर्मनीला गेला. सहा वर्षांचा लॅब्रॅडोर 'सध्या तुमच्याकडे राहू दे, मग बघू' म्हणून आईवडिलांकडे राहिला. काकूंना मी नळाखाली पंधरा मिनिटे साबणाने हात धुवायला लावला. सिस्टरनी लस दिली. रक्त आलेली जखम असल्यामुळे जखमेत आणि तिच्या कडेने रेबीजचे सीरमही भरले. ते दुखते, काकू कळवळल्या. व्हिडिओ कॉलवर मुलगा विचारत होता, ''डॉक्टर, घरच्या कुत्र्यासाठी एवढं सगळं खरंच लागतं का?''

लागते. घरचा असला तरी लस चुकलेल्या आणि भटक्या कुत्र्यांशी भांडणाऱ्या कुत्र्याचा चावा हा रेबीजच्या दृष्टीने कुत्र्याचाच चावा असतो. उपचार सुरू करून कुत्र्यावर दहा दिवस नजर ठेवायची. तो ठणठणीत राहिला तर पुढची इंजेक्शने थांबवता येतात. आधी दहा दिवस वाट बघू आणि मग लस घेऊ, हा उलटा हिशेब मात्र जिवावर बेततो, कारण लक्षणे दिसू लागल्यावर या आजारावर उपाय उरत नाही.

हे सांगण्याचे कारण म्हणजे घरातले प्राणी मागे ठेवून परदेशी गेलेल्या कुटुंबांचे असे चावे, ओरखडे आणि पट्टा ओढला जाऊन झालेली हाडमोडी मी अलीकडे वारंवार पाहतो. तीस किलोचा तरणा कुत्रा आणि गुडघे दुखणारे, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेणारे आजोबा ही जोडी फार काळ निभत नाही. काही घरांत तर कुत्रा 'ओळखीच्या फार्महाऊसवर' जातो. त्या फार्महाऊसचे पुढे काय होते, हे विचारू नये.

मग सोबत का नेत नाहीत? विचारले की उत्तर ठरलेले. ''फार कटकट आहे, डॉक्टर. माणसाचा व्हिसा लवकर होतो.'' कटकट आहे हे खरे, खर्चही बऱ्याचदा लाखाच्या पुढे जातो. पण ही कटकट कोणा बाबूने टेबलावर बसून रचलेली नाही. तिच्यामागे विषाणूचा स्वभाव आहे. तो समजला की कामाचा क्रमही समजतो.

युरोपीय संघाचा नियम घ्या, कारण आपल्याकडची बरीच तरुण मंडळी हल्ली तिकडेच निघालेली असतात. आधी मायक्रोचिप, म्हणजे तांदळाच्या दाण्याएवढी, मानेजवळ कातडीखाली बसवायची पंधरा आकडी क्रमांकाची खूण. त्यानंतर रेबीजची लस. लसीनंतर किमान ३० दिवसांनी रक्ताचा नमुना, तोही त्यांनी मान्यता दिलेल्या प्रयोगशाळेत. रक्तात प्रतिपिंडांचे प्रमाण मिलीलीटरला ०.५ आंतरराष्ट्रीय एकक किंवा त्याहून जास्त हवे. आणि नमुना घेतल्याच्या तारखेपासून तीन महिने पूर्ण झाल्याशिवाय प्रवेश नाही. कुत्रा असो वा मांजर, नियम तोच. ब्रिटनचेही जवळपास असेच. वर कुत्र्याला तिथे पोचण्याआधी २४ ते १२० तासांच्या आत पट्टकृमीचे औषध दिल्याची पशुवैद्याची नोंद लागते.

लोक सर्वाधिक चिडतात ते या तीन महिन्यांवर. ''रिपोर्ट उत्तम आला आहे, मग आता थांबायचे कशाला?'' प्रश्न रास्त आहे. रक्ततपासणी एवढेच सांगते की लस खरोखर टोचली गेली आणि ती लागू पडली. लस देण्याच्या आधीच कुत्र्याला बाधा झाली होती का, हे ती सांगत नाही. रेबीजचा विषाणू रक्तातून पळत नाही. चाव्याच्या जागेवरून मज्जातंतूंच्या वाटेने तो मेंदूकडे सरकतो आणि त्याला आठवडे, कधी महिने लागतात. एवढ्या काळात कुत्रा खातो, खेळतो, शेपूट हलवतो. अशा छुप्या बाधेला उघडी पडण्यासाठी दिलेला वेळ म्हणजे हे तीन महिने. लसीनंतरचा महिना धरला तर चार. जपानसारखा रेबीजमुक्त बेटांचा देश जास्त सावध आहे. तिथे प्रतीक्षा १८० दिवसांची. ऑस्ट्रेलिया तर भारतातून थेट कुत्रा-मांजर घेतच नाही. मान्यताप्राप्त तिसऱ्या देशातून जावे लागते आणि पोचल्यावर मेलबर्नजवळ मिकलहॅमच्या विलगीकरण केंद्रात मुक्काम ठरलेला. २०१५ मध्ये हॉलिवूडचा नट जॉनी डेप याने खासगी विमानातून दोन छोटे कुत्रे न सांगता तिथे नेले, तेव्हा तिथल्या मंत्र्याने कुत्रे परत पाठवा नाहीतर मारावे लागतील असे जाहीरपणे सुनावले होते. त्यावर जगभर हसू झाले. मला त्यात हसण्यासारखे काही वाटत नाही. २०२० मध्ये गोचिडीतून पसरणारा एर्लिकिया कॅनिस हा कुत्र्यांचा जंतू त्या देशात शिरलाच, आणि मग आवरता आला नाही.

अमेरिकेची गोष्ट आपल्याला जास्त लागू आहे, कारण तिच्यात दोष कागदाचा होता. जून २०२१ मध्ये अझरबैजानहून ३३ कुत्री शिकागोच्या विमानतळावर उतरली. सगळ्यांकडे रेबीजच्या लसीचे दाखले होते. त्यातले एक काही दिवसांत पेनसिल्व्हेनियात आजारी पडले आणि तपासणीत रेबीज निघाला. कुत्र्यांमधून कुत्र्यांत पसरणारा रेबीज त्या देशाने २००७ मध्येच हद्दपार केला होता. बाकीची कुत्री तोवर वेगवेगळ्या राज्यांत वाटली गेली होती. ती शोधून काढणे, संपर्कातल्या माणसांना इंजेक्शने देणे हे सगळे मागून आले. खोट्या दाखल्यांची प्रकरणे आधीपासून वाढत होतीच. त्या वर्षीच्या जुलैपासून अमेरिकेने शंभराहून अधिक देशांतून कुत्री आणण्यावर निर्बंध घातले, त्यात भारत होता. १ ऑगस्ट २०२४ पासून नवे नियम आले. कुत्रा किमान सहा महिन्यांचा आणि चिप बसवलेला हवा. भारतासारख्या जोखमीच्या देशात लस घेतलेल्या कुत्र्यासाठी सरकारी पशुवैद्याने प्रमाणित केलेला अर्ज लागतो आणि ठरावीक विमानतळांवरच्या नोंदणीकृत केंद्रात आधी जागा राखून ठेवावी लागते. रक्ततपासणीचा वैध अहवाल नसेल, तर २८ दिवस तिथे कोंडून राहणे आले.

शिक्का आणि लस या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आपल्याकडे कार्डावर शिक्का सहज मिळतो. कुत्रा न नेता, मागची तारीख घालून, ओळखीवर. लस २ ते ८ अंश तापमानात ठेवलेली होती का, हे तर कोणी विचारतही नाही. परदेशातली प्रयोगशाळा मात्र कार्ड बघत नाही, रक्त बघते. तिथे नापास झाल्यावर हताश झालेले मालक मी पाहिले आहेत. त्यांना कुत्र्याच्या प्रवासाची चिंता असते. मला चिंता वाटते ती त्या घरातल्या लहान मुलांची, जी इतकी वर्षे त्या शिक्क्याच्या भरवशावर त्या कुत्र्याशी खेळत होती.

क्रमाची चूकही महागात पडते. आधी लस आणि मग चिप असे झाले, तर ती लस धरली जात नाही; कोणत्या कुत्र्याला टोचली याचा पुरावा नाही म्हणून. पुन्हा लस, पुन्हा ३० दिवस. उलट बाजूने एक सोयही आहे, ती फार थोड्यांना ठाऊक असते. युरोपीय संघाच्या नियमात रक्ततपासणी एकदा उत्तीर्ण झाली आणि पुढचा प्रत्येक डोस मागच्याची मुदत संपण्याआधी दिला गेला, तर ती तपासणी जन्मभर चालते. एक दिवस जरी चुकला तरी घड्याळ पुन्हा शून्यावर. म्हणून ज्यांच्या घरात बाहेर जाण्याचे नुसते बोलणे सुरू आहे, त्यांनी नोकरीचे पत्र येण्याची वाट न बघता चिप, लस, रक्त हे तिन्ही उरकून ठेवावे. निघताना शेवटचे प्रमाणपत्र केंद्र सरकारच्या पशू विलगीकरण व प्रमाणन सेवेकडून घ्यावे लागते, त्यांचे केंद्र मुंबईतही आहे. जातीचेही आधी पाहावे. पिटबुल आणि बुल टेरियरच्या काही जाती जर्मनी घेत नाही. त्या जाहिरातीनंतर आपल्याकडे घरोघरी आलेला पग, बुलडॉग, पर्शियन मांजर अशा चपट्या नाकाच्या प्राण्यांना विमानाच्या मालकक्षात श्वासाचा त्रास होतो. अनेक विमान कंपन्या त्यांना घेत नाहीत, आणि ते योग्यच आहे.

माझ्याकडे, म्हणजे माणसांच्या डॉक्टरकडे, या संदर्भात दोन मागण्या येतात. पहिली, कुत्र्याला प्रवासात देण्यासाठी झोपेची गोळी. ती मी देत नाही. गुंगीतल्या प्राण्याचा रक्तदाब उतरतो, त्याला तोल सावरता येत नाही, आणि उंचीवर त्याच्याजवळ कोणी नसते. त्यापेक्षा महिनाभर आधी पिंजरा घरात आणून त्यातच जेवण-झोप सुरू करावी. दुसरी मागणी पत्राची: 'रुग्णाच्या मानसिक स्वास्थ्यासाठी हा कुत्रा सोबत असणे आवश्यक', म्हणजे त्याला केबिनमध्ये पायाशी बसवता येईल. अमेरिकेच्या परिवहन खात्याने जानेवारी २०२१ पासून अशा 'भावनिक आधाराच्या' प्राण्यांना सेवा-श्वान मानण्याचे बंधन विमान कंपन्यांवर ठेवलेले नाही. पण पत्र चालले असते तरी मी दिले नसते. खऱ्या अंधमित्राच्या प्रशिक्षित कुत्र्यावर विमानात संशयाने बघितले जाते, ते अशाच पत्रांमुळे.

मांजरांबद्दल एक वाक्य सांगायलाच हवे, कारण परदेशी निघालेल्या गरोदर सुनेला 'मांजर सोडून दे' असा सल्ला हमखास मिळतो. टॉक्सोप्लाझ्माची भीती खरी आहे, पण उपाय मांजर टाकून देणे हा नव्हे. विष्ठेचा ट्रे रोज दुसऱ्या कोणी साफ करावा, मांजराला कच्चे मांस घालू नये आणि स्वतःही अर्धकच्चे खाऊ नये. बागेत मातीत हात घालताना हातमोजे घालावेत.

आता मूळ मुद्दा. घरच्या लसवंत कुत्र्याला चार महिने का थांबावे लागते? कारण देशांच्या याद्या कुत्रा पाहून होत नाहीत, देश पाहून होतात. संयुक्त अरब अमिराती युरोपीय संघाच्या मान्य यादीत आहे. दुबईतल्या मराठी कुटुंबाला तिथून कुत्रा युरोपात नेताना ही रक्ततपासणी लागत नाही. मुंबई-पुण्याच्या कुटुंबाला लागते. आयसीएमआरच्या शास्त्रज्ञांच्या पाहणीचा अंदाज असा की आपल्या देशात वर्षाला सुमारे ९१ लाख लोकांना प्राणी चावतात आणि ५,७०० च्या वर माणसे रेबीजने मरतात. जागतिक आरोग्य संघटना जुन्या हिशेबाने हा आकडा याहून कितीतरी मोठा धरत आली आहे. कुठलाही धरा, यादीत नाव न येण्यास तो पुरेसा आहे.

हे बदलता येते, आणि शेजारच्या गोव्याने ते दाखवले आहे. तिथे सरकार आणि 'मिशन रेबीज' यांनी मिळून जाळी घेऊन गल्लोगल्ली भटक्या कुत्र्यांनाही लस टोचली. वर्षामागून वर्षे सुमारे ७० टक्के कुत्र्यांपर्यंत पोचण्याचे लक्ष्य ठेवले. कुत्र्यांमधला रेबीज ९२ टक्क्यांनी घटला आणि माणसांचे मृत्यू थांबले. महाराष्ट्रात आपण भटक्या कुत्र्यांवर सभागृहात, न्यायालयात आणि सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅपवर भांडतो. दोन्ही बाजू तावातावाने बोलतात, आणि लसीची सिरिंज कोणाच्याच हातात नसते. महापालिकांनी पाळीव कुत्र्याच्या परवान्याला चिप आणि लसीची नोंद जोडली, तर निदान कार्डावरच्या खोट्या शिक्क्यांचा धंदा तरी बसेल. त्यासाठी नवा कायदा लागेल असे मला वाटत नाही.

काकूंचा लॅब्रॅडोर दहाव्या दिवशीही चपाती मागत दारात उभा होता. त्याला पशुवैद्यांकडे नेऊन चिप आणि लस झाली ती जुलैच्या अखेरीस. मुलगा म्हणाला, दिवाळीला येतो आणि घेऊनच जातो. मी त्याला कॅलेंडर दाखवले. रक्त सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात, तिथून तीन महिने म्हणजे डिसेंबर. त्यात मालकाच्या प्रवासाच्या पाच दिवस मागेपुढेच प्राण्याला 'सोबत' मानतात. दिवाळीचे तिकीट त्याने रद्द केले आणि नाताळच्या सुट्टीतले काढले. काकूंनी कुत्र्यासाठी लोकरीचा अंगरखा विणायला घेतला आहे. त्याला तो लागणार नाही हे त्यांना सांगितले, पण अंगठ्याला व्यायाम होतो म्हणून मी फार आग्रह धरला नाही.