निकालाआधीची बंदी : रुग्णांचे हित आणि दंतवैद्याची रोजीरोटी

विशेष प्रतिनिधी

दंतवैद्याविरुद्ध गंभीर तक्रार आली आहे, पण चौकशी पूर्ण व्हायला अवकाश आहे. मधल्या काळात त्याला रुग्ण तपासू द्यावेत का? ब्रिटनच्या जनरल डेंटल कौन्सिलपुढे हा प्रश्न वारंवार उभा राहतो. १९८४च्या दंतवैद्यक कायद्याने त्यासाठी ‘अंतरिम आदेशा’ची तरतूद केली आहे. रुग्णांच्या दृष्टीने ती आवश्यक आहे. मात्र दोष सिद्ध होण्यापूर्वीच ती एखाद्याचा व्यवसाय थांबवू शकते.

समितीचे अधिकार

कौन्सिलची अंतरिम आदेश समिती आरोप खरे की खोटे, हे ठरवीत नाही. लोकांच्या संरक्षणासाठी बंधन आवश्यक आहे का किंवा ते सार्वजनिक हिताचे अथवा संबंधित व्यावसायिकाच्या हिताचे आहे का, एवढेच ती पाहते. त्यानुसार देखरेखीखाली काम करणे, विशिष्ट उपचार न करणे अशा अटी घातल्या जातात किंवा नोंदणी निलंबित होते. दंतवैद्यांबरोबरच डेंटल नर्स, हायजिनिस्ट आणि टेक्निशियन यांनाही हे नियम लागू आहेत. भारतात पदवी घेऊन तेथे नोंदणी केलेले दंतवैद्यही त्याच चौकटीत येतात.

या अधिकाराची गरज २०१४मध्ये नॉटिंगहॅमशायरमधील डेब्रुक येथील प्रकरणाने दाखवून दिली. रुग्णागणिक हातमोजे व उपकरणे न बदलल्याचा आरोप असलेल्या दंतवैद्याला अंतरिम निलंबित करण्यात आले आणि सुमारे २२ हजार माजी रुग्णांना तपासणीसाठी बोलावण्यात आले. त्याचे नाव नोंदणीतून वगळले गेले ते २०१६मध्ये. तोपर्यंत त्याला काम करू देणे कोणालाही पटले नसते.

विलंबाची किंमत

परंतु प्रत्येक प्रकरण इतके स्पष्ट नसते. अंतरिम आदेश एका वेळी १८ महिन्यांपर्यंत असू शकतो. त्याचा सहा महिन्यांच्या आत फेरविचार होतो. त्यापुढची मुदतवाढ न्यायालयाकडून घ्यावी लागते. याउलट, अंतिम सुनावणीत दोष सिद्ध झाल्यावर एका वेळी देता येणारे निलंबन १२ महिन्यांपेक्षा अधिक नसते. म्हणजे अंतिम निलंबनापेक्षा त्याची प्रतीक्षाच लांबू शकते. पगारावर अवलंबून असलेल्या डेंटल नर्सला हा काळ दंतवैद्यापेक्षाही कठीण जातो. शिवाय आदेश सार्वजनिक नोंदणीत दिसत असल्याने पुढे निर्दोष ठरल्यावरही झालेली नाचक्की सहजी पुसली जात नाही.

न्यायालयांनाही याची जाणीव आहे. वैद्यकीय कौन्सिलच्या एका खटल्यात २००७मध्ये अपील न्यायालयाने मुदतवाढीचे निकष सांगितले. आरोपांचे गांभीर्य, पुराव्याचे स्वरूप, रुग्णांना असलेला धोका, चौकशी रखडण्याचे कारण आणि व्यावसायिकाचे नुकसान हे सारे तपासले पाहिजे, असे त्यात स्पष्ट करण्यात आले. तरीही प्रकरणे निकाली काढण्यातील दिरंगाईबद्दल प्रोफेशनल स्टँडर्ड्स अथॉरिटी या देखरेख संस्थेने डेंटल कौन्सिलला अलीकडच्या वर्षांत बोल लावले आहेत.

त्यामुळे वादाचा मुद्दा हा अधिकार असावा की नसावा, हा नाही. अटींनी भागत असेल तेथे निलंबन टाळणे आणि निलंबन अटळ असेल तेथे चौकशीला प्राधान्य देणे, हाच त्यातला व्यवहार्य मार्ग आहे. रुग्णाचे संरक्षण आदेशाच्या दिवसापासून सुरू होते; आरोपीला न्याय मिळतो तो मात्र चौकशी संपल्यावरच.