चिकटपट्टीने जोडलेला पुरावा

वॉशिंग्टनच्या कॅपिटॉल या संसदेच्या इमारतीवर ६ जानेवारी २०२१ रोजी झालेल्या हल्ल्याची चौकशी करणाऱ्या समितीकडे व्हाइट हाउसची जी कागदपत्रे आली, त्यांतली काही चिकटपट्टीने जोडलेली होती. फाडली होती खुद्द राष्ट्राध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांनी. तुकडे जुळवले दफ्तर सांभाळणाऱ्या कर्मचाऱ्यांनी. ही कागदपत्रे रोखण्यासाठी ट्रम्प सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले, पण जानेवारी २०२२ मध्ये न्यायालयाने त्यांना दाद दिली नाही. हल्ल्याच्या दिवशीच्या दूरध्वनींच्या नोंदवहीत सात तास सदतीस मिनिटे एकही नोंद नव्हती. ती पोकळी समितीने ट्रम्प यांच्याच सहायकांच्या जबान्यांनी भरली. डिसेंबर २०२२ मध्ये समितीने ट्रम्प यांच्यावर खटला भरण्याची शिफारस केली आणि बातम्यांचा मथळा तीच झाली. माझ्या मते शिफारशीपेक्षा हे जुळवाजुळवीचे काम मोठे आहे.

समिती एकतर्फी होती, हा आक्षेप झटकून टाकण्यासारखा नाही. नऊ सदस्यांत रिपब्लिकन दोनच, लिझ चेनी आणि अ‍ॅडम किंझिंगर, आणि दोघेही ट्रम्पविरोधक. उलटतपासणी घेणारे कोणी नव्हते. पण मे २०२१ मध्ये दोन्ही पक्षांचे समान सदस्य असलेल्या स्वतंत्र आयोगाचे विधेयक प्रतिनिधिगृहात २५२ विरुद्ध १७५ मतांनी मंजूर झाले होते. सिनेटमध्ये त्याच्या बाजूने ५४ मते पडली, लागणार होती ६०. ते अडवले रिपब्लिकन सिनेटरांनी. पुढे या समितीसाठी त्या पक्षाने सुचवलेल्या पाचांपैकी दोन नावे सभापती नॅन्सी पेलोसी यांनी नाकारली, ही त्यांची चूकच. त्यावर पक्षाने पाचही नावे मागे घेतली. मात्र सदस्य एका बाजूचे असले तरी महत्त्वाचे साक्षीदार दुसऱ्या बाजूचे होते. ट्रम्प हरले त्या निवडणुकीतल्या घोटाळ्याचे आरोप पोकळ आहेत, असे आपण ट्रम्प यांना सांगितल्याची जबानी त्यांचेच अ‍ॅटर्नी जनरल विल्यम बार यांनी दिली. अ‍ॅरिझोनाच्या प्रतिनिधिगृहाचे रिपब्लिकन सभापती रस्टी बॉवर्स यांनी निकाल फिरवण्यासाठी आपल्यावर आलेला दबाव शपथेवर सांगितला.

मग हे काम न्यायालयांवरच का सोडले नाही? न्यायालय आरोपीपुरते पाहते, आणि त्याचा निकाल सत्ता पालटली की निष्प्रभ होऊ शकतो. इथे तसेच घडले. ट्रम्प २०२४ ची निवडणूक जिंकले आणि त्यांच्यावरचा या प्रकरणातला संघराज्याचा खटला साक्षीपुराव्याला उभा राहण्याआधीच मागे घेतला गेला. २० जानेवारी २०२५ रोजी, शपथ घेतली त्याच दिवशी, त्यांनी या हल्ल्याच्या प्रकरणातल्या सुमारे दीड हजार जणांना माफी दिली. काही मोजक्यांच्या शिक्षा तेवढ्या कमी केल्या. पण माफीने शिक्षा पुसली जाते, जबानी नाही. समितीने हजाराहून अधिक साक्षीदार तपासले; आठशेहून अधिक पानांचा अहवाल आणि जबान्यांच्या छापील प्रती आज कुणालाही वाचता येतात, समितीच्या विरोधकांनाही.

म्हणूनच समितीची एक हयगय मला जास्त खटकते. साक्षींच्या पूर्ण चित्रफिती तिने प्रतिनिधिगृहाच्या दफ्तरात जमा केल्या नाहीत. ज्या फिती वापरल्या नाहीत त्या जपण्याचे बंधन नव्हते, हे अध्यक्ष बेनी थॉम्पसन यांचे उत्तर पुरेसे नाही. सुनावण्यांत लोकांना दाखवले गेले ते निवडक तुकडे. त्यांच्या मागचे-पुढचे बोलणे त्याच आवाजात ऐकण्याचा हक्क टीकाकारांनाही होता. फाडलेले कागद जोडून घेणाऱ्या समितीने स्वतःच्या हातातली साधने मात्र निसटू दिली. अशी पुढची समिती नेमली जाईल तेव्हा कच्च्या फितींसकट सगळे दफ्तर कुठे जाणार, हे तिच्या स्थापनेच्या ठरावातच लिहिलेले असावे.