घोडीवरची भुणभुण आणि कीबोर्डचा गिटार

कोरमंगलाच्या आमच्या घरात गेला पंधरवडाभर एकच आवाज होता. डासाचा म्हणा, करवतीचा म्हणा! आमच्या कन्येच्या कॉलेजच्या बँडमधल्या गिटारवादकाला नोकरी लागली आणि तो हैदराबादला निघून गेला. कार्यक्रम आठ दिवसांवर आलेला. मग पोरीने ठरवलं, गिटारचा तो फाटका, किंचाळणारा आवाज कीबोर्डवरच काढायचा. तोही तयार नमुना न वापरता, एफएम पद्धतीने.

मंडळी, हे एफएम म्हणजे रेडिओ स्टेशन नव्हे, पण तत्त्व तेच. १९६७ साली अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठातले संगीतकार जॉन चाउनिंग संगणकावर सुराला कंप देऊन पाहत होते. गवई स्वर हलवतो तसाच, पण त्यांनी वेग वाढवत नेला. सेकंदाला पाच-सहा हेलकावे असतील तर कानाला कंप कळतो. तेच शेकडो झाले की कंप ऐकू येत नाही, आवाजाचा पोतच बदलतो! या पद्धतीचं पेटंट १९७७ मध्ये मिळालं आणि १९८३ मध्ये यामाहाचा डीएक्स-७ हा कीबोर्ड तिच्यावरच बाजारात आला. त्यात सहा लहरी आणि त्या एकमेकींना जोडायच्या ३२ तऱ्हा. आज त्याची नक्कल करणारं सॉफ्टवेअर फुकट मिळतं. कन्येकडे तेच होतं.

पहिल्या दिवशी देवळातली घंटा वाजली. कारण साधं होतं. एक लहर सूर धरते, दुसरी तिला हलवते. दोघींच्या कंपनांचं प्रमाण एकास एक ठेवलं तर सगळे सहायक नाद रांगेत येतात आणि आवाज तारेचा वाटतो. एकास दोन केलं की एकाआड एक नाद गळतो. अपूर्णांक ठेवला की घंटा! दुसऱ्या दिवशी तिने लहरीला तिचाच आवाज परत पाजायची कळ शेवटपर्यंत फिरवली, तर नुसती फसफस. थोडी फिरवली असती तर हवी ती खरखर मिळाली असती.

तिसऱ्या दिवशी ती रडकुंडीला आली. ‘‘बाबा, खरखर आहे, पण तार छेडल्यासारखं का वाटत नाही?’’

मी हिशेबाच्या वहीतून मान वर केली. ‘‘अगं, तुझा आवाज सुरुवातीपासून शेवटपर्यंत सारखाच आहे. तार अशी वागते का?’’

एवढं बोललो आणि मलाच आश्चर्य वाटलं. लहानपणी सहा वर्षं सतार शिकलो होतो. मिरजेहून वडिलांनी आणलेली ती सतार कपाटावर गवसणीत पडून होती. नोकरी, बदल्या, बंगळुरू... वीस वर्षांत हात लावला नव्हता.

सतार खाली काढली. गंजलेल्या तारेवर नखी मारली. पहिल्या क्षणी टणत्कार, मग मागे राहणारी भुणभुण. ती भुणभुण म्हणजे जवारी. घोडीचा माथा रुंद आणि किंचित उतरता असतो. हलणारी तार त्याला घासत राहते आणि वरचे नाद पुन्हा पुन्हा जागे होतात. तार जिथे छेडली तिथे ज्यांचा स्थिर बिंदू असतो, ते नाद जुन्या नियमाप्रमाणे उमटायलाच नकोत. तंबोऱ्यात तेही ऐकू येतात, हे सी. व्ही. रामन यांनी १९२१ मध्ये दाखवून दिलं. पुढे १९३३ पासून ते याच बंगळुरूत राहिले.

पोरगी कान देऊन ऐकत होती. मग तिने हलवणाऱ्या लहरी दोन केल्या. पहिली जोरात सुरू होऊन झटकन विरणारी, ती नखीचा आघात. दुसरी मंद पण टिकणारी, ती खरखर. मूळ सूर मात्र हळूहळू उतरणारा. शेवटी सगळा आवाज ओव्हरड्राइव्हमधून नेला. तिथे लहरीचे शेंडे कापले जातात, त्यामुळे लहान-मोठा आवाज जवळपास एका पातळीवर येतो आणि सूर लांबल्यासारखा वाटतो. एका वेळी एकच पट्टी दाबायची, कारण दोन सूर त्यात एकत्र गेले की चिखल होतो. मींड मात्र चाकाने. आणि काय सांगू, गिटार बोलला!

हुबेहूब? नाही. जाणकार लगेच ओळखेल. पण कार्यक्रमात कुणी तक्रार केली नाही.

खरी गोष्ट त्यानंतरची. परवा संध्याकाळी ऐंशी फुटी रस्त्यावरचे हॉर्न ऐकत घरी आलो, तर पोरगी सतार मांडीवर घेऊन बसलेली. ‘‘बाबा, हिची जवारी गेलीय का? आवाज बोदा येतोय.’’

कान तयार झाला होता पोरीचा! मिरजेच्या सतारीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, ही बातमी मी नुसती वाचून सोडून दिली होती. आता दिवाळीच्या सुट्टीत सतार घेऊन दोघं मिरजेला जाणार आहोत. घोडी घासून घ्यायची आहे. आणि हो, माझ्या बोटांची जवारीही तपासायची आहे!