पंचवीस डिसेंबरची पॅटिस



डिसेंबर उजाडला की सहा तारखेपर्यंत आपल्या घरांत दुसरा विषय नसतो. चैत्यभूमीहून मंडळी परत येतात, पुस्तकांच्या पिशव्या रिकाम्या होतात आणि मग डोळ्यांसमोर येते ती पंचवीस तारीख. सरकारी कॅलेंडरात ती नाताळची सुट्टी. आपल्यासाठी तो मनुस्मृती दहन दिन. १९२७ साली याच दिवशी महाडला बाबासाहेबांच्या उपस्थितीत ते पुस्तक जाळले गेले. नव्वदच्या दशकापासून अनेक महिला संघटना हाच दिवस भारतीय स्त्रीमुक्ती दिन म्हणूनही पाळतात. सुट्टीमुळे नागापूर एमआयडीसीतला कामगार, बाजारातला हमाल, शाळेतली शिपाईबाई बहुतेक घरी असतात. म्हणून वस्तीवस्तीच्या विहारात संध्याकाळी कार्यक्रम ठेवला जातो.

आणि येथेच आमचे दुखणे आहे. कार्यक्रम स्त्रीमुक्तीचा आणि स्त्रिया कुठे? विहाराच्या मागे, पत्र्याच्या शेडमध्ये, कढईपुढे! ऐंशी माणसांची भजी तळायची म्हणजे दोन-अडीच तास कोणी ना कोणी शेगडीजवळ उभे राहणे आले. पोहे करा, मिसळ करा, तीच गत. गरम वाढायचे असेल तर आयत्या वेळीच करावे लागते. पुढे एखादी कॉलेजात शिकणारी मुलगी तळमळून बोलत असते, तिचा आवाज लाउडस्पीकरवरून शेडपर्यंत येतोही, पण तेलाच्या चरचरीत काय ऐकू येणार? त्या मुलीची आईच कित्येकदा आत कांदा चिरत असते.

यावर "अल्पोपहारच बंद करा" असे काही मंडळी म्हणतात. आम्हाला ते पटत नाही. लहान मुले येतात, म्हातारी माणसे येतात, दिवसभर राबून आलेली येतात. सुट्टीच्या दिवशी चार घास गोडीने खाल्ले तर चळवळ काही मागे पडत नाही. पदार्थ मात्र असा हवा की जो आदल्या दिवसापासून सवडीने करता येईल, दुपारी तयार होईल आणि संध्याकाळी नुसता वाटायचा राहील. असा पदार्थ म्हणजे बेकरीतले पॅटिस. रगड्यातले नव्हे, चौकोनी, पापुद्र्यांचे, आत बटाट्याची भाजी असलेले, खारीचे सख्खे भावंड.

"ते घरी कुठले जमायला?" असे आमच्या भगिनी लगेच म्हणतील. पण ज्या घरात साट्याची करंजी किंवा चिरोटे होतात, तेथे पॅटिसची विद्या निम्मी आहेच. साटा काय करतो? दोन पोळ्यांच्या मध्ये तुपाचा पडदा धरतो. पॅटिसमध्ये तेच, पण जास्त वेळा. उष्णता लागली की पिठातल्या पाण्याची वाफ होते, तुपाचा पडदा थरांना एकमेकांना चिकटू देत नाही, आणि वाफ एकेक पापुद्रा वर उचलते. सोडा नाही, यीस्ट नाही. फुगवणारी फक्त वाफ. म्हणून पीठ थंड हवे आणि भट्टी कडक हवी. या दोन गोष्टी सांभाळल्या की बाकी सारे हाताच्या सवयीचे आहे.

प्रमाण चोवीस पॅटिसचे देतो. मैदा अर्धा किलो, मीठ दोन लहान चमचे, लिंबाचा रस एक चमचा, डालडा साडेतीनशे ग्रॅम, गार पाणी साधारण पाव लिटर. यातला पन्नास ग्रॅम डालडा मैद्याला चोळावा. मीठ, लिंबू व पाणी घालून पोळीच्या कणकेपेक्षा किंचित घट्ट पीठ मळावे आणि ओल्या फडक्याखाली अर्धा तास ठेवावे. लिंबामुळे पीठ ताणले तरी तुटत नाही. उरलेला तीनशे ग्रॅम डालडा प्लॅस्टिकच्या दोन कागदांमध्ये ठेवून लाटण्याने चौकोनी वडीसारखा थापावा. पीठ त्या वडीच्या दुपटीहून थोडे मोठे लाटावे, मधोमध वडी ठेवावी आणि चारही बाजूंनी पाकिटासारखे बंद करावे.

आता खरे काम. ते पाकीट लांबट लाटायचे आणि कागद पाकिटात घालताना करतो तशी त्याची तीनपदरी घडी घालायची. अर्धा तास गारव्यात ठेवायचे. मग आडवे फिरवून पुन्हा लाटायचे, पुन्हा घडी. असे चार वेळा. पहिल्या घडीला डालड्याचे तीन थर होतात, दुसऱ्या घडीला नऊ, तिसऱ्या घडीला सत्तावीस आणि चौथ्या घडीला ८१. शाळकरी मुलांना जवळ बसवून हे गणित जरूर करायला लावावे; पाढे घोकण्यापेक्षा ते लक्षात राहते.

डालडा आणि पीठ दोन्ही सारख्याच मऊपणाचे असले पाहिजेत. डालडा कडक असला तर पीठ फाडून बाहेर येतो, पातळ झाला तर पिठात जिरतो आणि पॅटिसऐवजी नुसती खुसखुशीत वडी हाती लागते. चौदा एप्रिलला आपल्याकडे ऊन एवढे असते की या भानगडीत न पडलेले बरे. डिसेंबरातली नगरची थंडी मात्र पॅटिससाठी जणू मुद्दाम पाठवलेली. रात्री पातेल्यात पीठ घालून, वर ओले फडके व झाकण ठेवून, मांजर पोचणार नाही अशा गार जागी ठेवले की फ्रीज नसलेल्या घरातही काम भागते.

लाटण्याचे काम पुरुषांनी करावे, अशी आमची सूचना आहे. सूचना कसली, आग्रह आहे. ऐंशी माणसांसाठी दोन किलो मैद्याची पॅटिस करायची, म्हणजे या पिठाची चार पाकिटे आणि प्रत्येकाला चार घड्या. याला मनगटात जोर लागतो, आणि जोर आहे असे सांगणारे तरुण वस्तीत कमी नाहीत. बेकऱ्यांमध्ये हे काम वर्षानुवर्षे पुरुषच करीत आले आहेत. तेथे कोणी त्याला बायकी काम म्हणत नाही. पगार मिळाला की ते कारागिराचे काम आणि घरात केले की बायकांचे, हा हिशेब कोणी घातला ते ज्याने त्याने शोधावे.

सारण कोरडे हवे, ओलसर सारणाने खालचा पापुद्रा कच्चा राहतो. डिसेंबरात मटार स्वस्त असतो. चोवीस पॅटिसला पाऊण किलो बटाटे, पाव किलो सोललेला मटार, दोन कांदे, आले-लसूण-मिरचीचा ठेचा, हळद, धणे-जिरे पूड, कोथिंबीर. फोडणीत कांदा परतून सगळे एकत्र कोरडे होईपर्यंत हलवावे आणि पूर्ण निवू द्यावे. गरम सारण भरले तर डालडा वितळला म्हणून समजा. काही घरांत अर्धे उकडलेले अंडे मसाल्यात घोळवून ठेवतात, तेही फार चांगले लागते. मुलांच्या पोटात त्या निमित्ताने अंडे जाते.

पीठ चार मिलिमीटर जाडीचे लाटून वीतभराच्या निम्म्याइतके, म्हणजे साधारण दहा सेंटिमीटरचे चौकोन कापावेत. सुरी धारदार हवी आणि ती सरळ खाली दाबावी, ओढू नये. ओढली की कडेचे थर एकमेकांना चिकटतात आणि तेथून फुगत नाहीत. सारण ठेवून दुमडावे, वरून दूध किंवा फेटलेले अंडे लावावे. कापलेल्या कडेला ते लागू देऊ नये, कारण तेच.

भाजणे. घरी ओव्हन असेल तर दोनशे अंशांवर पंचवीस ते तीस मिनिटे. पहिली पंधरा मिनिटे दार उघडायचे नाही. कुकरमध्ये मीठ घालून, रिंग व शिट्टी काढूनही होते, पण वेळ जास्त लागतो आणि हवे तसे फुगत नाही. ऐंशीचा मामला असेल तर सरळ बेकरीची भट्टी गाठावी. नानकटाईचे डबे घेऊन भट्टीवर जाण्याची सवय आपल्या आयाबहिणींना आहेच. पत्रे बेकरीवाला देतो आणि भाजणावळ घेतो. पावाचा घाणा निघाल्यावर भट्टी अजून कडक असते, ती वेळ पॅटिससाठी चांगली. तीन वाजता भाजून आणली की पाच वाजता कार्यक्रमात प्रत्येकाच्या हातात कागदावर एक पॅटिस आणि चहा. शेड रिकामी, आणि भगिनी पुढच्या रांगेत.

डालड्याबद्दल एक गोष्ट. वनस्पती तुपातील ट्रान्स फॅट हृदयाला घातक, म्हणून अन्न सुरक्षा प्राधिकरणाने जानेवारी २०२२ पासून तेल-तुपातील त्याचे प्रमाण दोन टक्क्यांच्या आत आणले. म्हणून सुटे, बिनछापाचे वनस्पती घेऊ नये. छापील पाकीट घ्यावे. आणि पॅटिस हा सणाचा पदार्थ आहे, रोजच्या डब्याचा नव्हे. ज्यांना रक्तदाब, मधुमेह आहे त्यांनी अर्धेच घ्यावे.

आता भट्टीचा विषय निघालाच आहे म्हणून थोडे मागे जाऊ. आज ज्या पाव-बिस्किटाला कोणी जात विचारीत नाही, त्याच पाव-बिस्किटाने एकेकाळी महाराष्ट्रात केवढे रण माजवले होते! १८४९ च्या सुमारास मुंबईत दादोबा पांडुरंग आदींची परमहंस सभा निघाली. जात मानत नाही हे सिद्ध करण्यासाठी नव्या सभासदाला ख्रिस्ती माणसाच्या हातचा पाव खावा लागे, आणि तोही गुपचूप. पुढे १८९० साली पुण्यात पंचहौद मिशनमध्ये टिळक, रानडे अशी बडी मंडळी जमली होती, तेथे चहा-बिस्किटे पुढे आली. गोपाळराव जोशींनी हजर असलेल्यांची नावे छापून टाकली आणि प्रकरण शंकराचार्यांपर्यंत, प्रायश्चित्तापर्यंत गेले. एका बिस्किटापायी!

त्यांचे प्रायश्चित्तावर तरी भागले. आपल्या माणसांसाठी प्रश्न याहून कडू होता. मार्च १९२७ मध्ये चवदार तळ्याचे पाणी प्याल्यानंतर महाडला परिषदेच्या मंडपात घुसून गुंडांनी लोकांचे अन्न मातीत मिसळले. डिसेंबरच्या परिषदेला व्यापाऱ्यांनी असहकार केला म्हणून धान्य बाहेरून आणून ठेवावे लागले, आणि मंडपाला जागा मिळाली ती फत्तेखान या मुसलमान गृहस्थाची. ज्या पुस्तकात कोणाच्या हातचे खावे, कोणाचे खाऊ नये याचे नियम लिहिले होते, ते जाळणारी माणसे दुकानदारांनी नाकारलेली होती, हे मुलांना आवर्जून सांगावे. आणि कोल्हापूरचे गंगाराम कांबळेही सांगावेत. त्यांनी चहाचे दुकान घातले तेव्हा शाहू महाराज स्वतः तेथे जाऊन चहा पीत आणि सोबतच्या सरदार-दरकदारांनाही पाजत. महाराजांना नेमके कळले होते की माणसाच्या हातचे विकले जाणे हीच खरी कसोटी.

ती कसोटी संपली का? आमच्या पाहण्यातली गोष्ट आहे. एका कार्यालयात आपल्या एका भगिनीने मुलीच्या बारावीच्या निकालाचे म्हणून घरची पॅटिस नेली. कोणाची चतुर्थी निघाली, कोणाचे पोट बिघडले, एकाने कागदात गुंडाळून "घरी नेतो" म्हटले. पुढच्या आठवड्यात बेकरीचा खोका आला तेव्हा साऱ्यांची पोटे बरी होती. बेकरीत पीठ कोणी मळले हे कोणी विचारले नाही. त्या भगिनीने यानंतर पॅटिस नेणे सोडले नाही, हे आम्हाला विशेष वाटते. आता तिच्या डब्याला चार जण हात लावतात. उरलेली ती चहाबरोबर स्वतः खाते, सर्वांसमोर.

म्हणून बचत गटांच्या भगिनींना आमचे सांगणे आहे की हा पदार्थ विहारापुरता ठेवू नका. जत्रेत, शाळेच्या मेळाव्यात मांडा. मात्र हिशेब नीट ठेवा. मैदा, डालडा, भाजी, भाजणावळ, कागद, रिक्षा एवढे सगळ्याच जणी लिहितात, आपली मजुरी कोणी लिहीत नाही. मग "नफा झाला" म्हणून जो आकडा सांगितला जातो तो नफा नसतो, न दिलेली मजुरी असते. चौघींनी सहा-सहा तास काम केले तर चोवीस तास झाले. त्याला आपल्या भागातला मजुरीचा दर लावा, खर्चात मिळवा आणि एकूण नगांनी भागा. येणारी रक्कम ही पॅटिसची खरी किंमत. त्याच्याखाली विकू नका, गिऱ्हाईक ओळखीचे असले तरी.

आणखी एक. आपल्या अहमदनगर जिल्ह्यात (२०२४ पासून अहिल्यानगर) १८३१ पासून अमेरिकन मिशनचे काम झाले. त्यामुळे कित्येक घरांत एक चुलता बौद्ध तर एक ख्रिस्ती, मामा इकडे तर मावशी तिकडे. नाताळला त्यांच्याकडून करंज्या, चकल्या, केकचा डबा येतो आणि आपण तो धुऊन परत करतो. यंदा त्यात पॅटिस भरून धाडा. त्याच दिवशीची आहेत, उशीर झाला तर तव्यावर झाकण ठेवून मंद आचेवर पाच मिनिटे गरम करा म्हणावे. पापुद्रे पुन्हा कुरकुरीत होतात.

भट्टीवाल्याशी बोलणे मात्र पंधरा तारखेच्या आत करून ठेवा. वीस तारखेनंतर त्याच्याकडे केकची गर्दी असते आणि पत्रे मोकळे मिळत नाहीत.